सोसायटीत सीसीटीव्ही बसवताना: जागा ठरवण्यापासून बिघाड शोधण्यापर्यंत

मुंबईतल्या बहुतेक सोसायट्यांत सीसीटीव्हीचं काम दुपारी ताब्यात घेतलं जातं. ऑफिसातल्या टीव्हीवर आठ चौकोन दिसतात, सगळे स्वच्छ. कमिटी मान डोलावते, चेक निघतो. पण कॅमेऱ्याची खरी गरज पडते ती पहाटे तीनला पार्किंगमधून बाईक गेल्यावर. तेव्हा लाइव्ह चित्राचा उपयोग नसतो, रेकॉर्डिंग लागतं. मग कळतं की चोराची टोपी दिसतेय, चेहरा दिसत नाही. किंवा रात्री एक ते पाच त्या कॅमेऱ्याचं चित्रच नाही. किंवा हार्ड डिस्क तीन महिन्यांपासून बंद आहे आणि कुणाला पत्ताच नाही.

या तिन्हींचं मूळ कामाच्या क्रमात असतं. म्हणून खाली तो क्रमच दिला आहे, आठ कॅमेऱ्यांची साधी सोसायटी डोळ्यांपुढे ठेवून. दुकान किंवा चाळीच्या गॅलरीसाठीही तो असाच चालतो. काम तुम्ही स्वतः करत नसाल, तर माणूस बोलावण्याआधी हे वाचून ठेवा. कुठल्या टप्प्यावर त्याच्या शेजारी उभं राहायचं, हे तरी कळेल.

## १. आधी कागद: प्रत्येक कॅमेऱ्याला एकच प्रश्न

"गेटवर एक, लिफ्टपाशी एक, मागे दोन" अशी मोजणी करून ऑर्डर देऊ नका. इमारतीचा हाताने काढलेला नकाशा घ्या आणि प्रत्येक जागेपुढे लिहा, या कॅमेऱ्याकडून मला नेमकं काय कळायला हवं. उदाहरणार्थ:

- गेट: आत येणाऱ्याचा चेहरा.
- गेट, दुसरा कॅमेरा: गाडीचा नंबर.
- स्टिल्ट पार्किंग: कोणत्या बाईकपाशी कोण थांबलं.
- मीटर रूम, पंप रूमचं दार: दार कधी उघडलं, कुणी उघडलं.
- लिफ्टची लॉबी आणि जिन्याचं तोंड: चेहरा.
- गच्चीचं दार: कोण गेलं.

चेहरा आणि गाडीचा नंबर हे दोन प्रश्न एकाच कॅमेऱ्यावर टाकू नका. रात्री कॅमेऱ्याचा आयआर (इन्फ्रारेड, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा) उजेड परावर्तक नंबर प्लेटवर पडला की प्लेट पांढरीफटक होते. हेडलाइटने उरलेलं चित्रही जातं. नंबरासाठी वेगळा कॅमेरा लागतो. तो अरुंद दृश्याचा हवा, शटर वेगवान ठेवलेलं हवं (सेकंदाचा पाचशेवा भाग किंवा त्याहून कमी) आणि प्लेटच्या समोरून फार तिरपा नसावा. बजेट एकाच कॅमेऱ्याचं असेल तर चेहरा निवडा. गाडीचा नंबर वॉचमनच्या वहीतही मिळतो.

याच वेळी प्रत्येक फ्लॅटचं दार बघून घ्या. दार उघडलं की घराचं आतलं दिसेल अशी दिशा टाळा. टाळता येत नसेल तर सेटिंगमधला प्रायव्हसी मास्क लावून तेवढा भाग झाका. "येथे सीसीटीव्ही चालू आहे" ही पाटी मराठीत, गेटवर, सहज दिसेल अशी लावा. या गोष्टी आधीच ठरवल्या तर एजीएममध्ये भांडणं होत नाहीत.

## २. लेन्स आणि उंची: सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते

कॅमेऱ्याच्या खोक्यावर मेगापिक्सेल मोठ्या अक्षरात असतात आणि लेन्सचा आकडा बारीक अक्षरात. चेहरा मिळेल की नाही हे लेन्सवर जास्त अवलंबून असतं.

अनोळखी माणसाचा चेहरा ओळखू यायला चित्रात दर मीटर रुंदीमागे सुमारे २५० पिक्सेल हवेत, असं आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाची २०१४ची आवृत्ती सांगते. ओळखीचा माणूस आहे का, एवढं कळायला १२५ पुरतात. कोणीतरी आहे, एवढंच कळायला २५. आता २ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी असते १९२० पिक्सेल. १९२० भागिले २५० म्हणजे सुमारे साडेसात मीटर. चित्रात साडेसात मीटरपेक्षा रुंद जागा मावत असेल, तर तिथला अनोळखी चेहरा पोलिसांच्या कामाचा राहत नाही.

लेन्सच्या भाषेत:

- २.८ मिमी लेन्स, सुमारे १०० अंश: चेहरा तीन-सव्वातीन मीटरपर्यंतच.
- ३.६ मिमी, सुमारे ८० अंश: साडेचार मीटरच्या आसपास.
- ६ मिमी, सुमारे ५० अंश: साडेसात-आठ मीटर.

बाजारात सर्वांत जास्त खपतो तो २.८ किंवा ३.६, कारण लाइव्ह बघताना "सगळं दिसतं". गेटपासून आठ मीटर आत असलेल्या खांबावर २.८ मिमी कॅमेरा लावला की सगळं दिसतं आणि कोणीच ओळखू येत नाही. तिथे ६ मिमी हवा.

उंचीचं गणित त्याहून सोपं आहे. चेहऱ्यासाठी अडीच ते तीन मीटर. कॅमेरा कुणी फोडेल या भीतीने तो पहिल्या मजल्याच्या छज्जावर चढवतात, आणि मग वर्षभर टकलं आणि टोप्या रेकॉर्ड होतात. फोडण्याची भीती खरी असेल तर उंची न वाढवता व्हँडलप्रूफ डोम (सहज न फुटणारा घुमटाकार कॅमेरा) घ्या, किंवा पहिल्या कॅमेऱ्याकडे बघणारा दुसरा लावा.

तपासा: ठरवलेल्या जागी शिडीवर चढून, ठरवलेल्या उंचीवर मोबाइल धरून फोटो काढा. सूर्य समोर येतो का? ट्यूबलाइट थेट लेन्समध्ये आहे का? भिंत किंवा पाइप इतका जवळ आहे का, की रात्री आयआर त्यावर आदळून चित्र पांढरं होईल? जूनआधी जिथे ताडपत्री बांधली जाते, गणपतीत जिथे मंडप पडतो आणि दिवाळीत जिथे कंदील लटकतो, त्या रेषेत कॅमेरा नको. गर्दीच्या नेमक्या त्याच दिवसांत तो आंधळा होतो.

## ३. अनालॉग की आयपी

यात फार वेळ घालवू नका. इमारतीत आधीच चांगली कोॲक्स केबल (टीव्हीच्या केबलसारखी, मध्ये तार आणि भोवती जाळी) असेल आणि कॅमेरे आठपर्यंतच असतील, तर एचडी अनालॉग कॅमेरे आणि डीव्हीआर (त्यांचा रेकॉर्डर) चालेल. नवं वायरिंग करायचंच असेल तर आयपी (नेटवर्कवर चालणारे) कॅमेरे, एनव्हीआर (त्यांचा रेकॉर्डर) आणि पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा) घ्या. एकाच कॅट-६ केबलमधून चित्रही येतं आणि वीजही जाते, म्हणजे बिघाडाची निम्मी ठिकाणं कमी होतात.

वाय-फाय कॅमेरा घरात ठीक. सोसायटीच्या गेटवर नको. आजूबाजूच्या पन्नास राउटरच्या गर्दीत तो हवा तेव्हाच तुटतो, आणि वीज द्यायला वायर तर ओढावीच लागते.

लिफ्टच्या आतला कॅमेरा वेगळा विषय आहे. लिफ्टबरोबर वरखाली होणारी केबल खास लवचीक असते. साधी केबल काही महिन्यांत आतून तुटते. शाफ्टमध्ये लिफ्ट कंपनीच्या माणसाशिवाय कुणालाही उतरू देऊ नका.

## ४. खरेदी: यादी आणि हार्ड डिस्कचा हिशेब

लोहार चाळ किंवा लॅमिंग्टन रोडला जाण्याआधी यादी हातात असू द्या. कॅमेऱ्यांच्या भावात घासाघीस करून लोक केबलवर पैसे वाचवतात. उलटं करा. कॅमेरा बदलायला दहा मिनिटं लागतात. केबल बदलायची म्हणजे केसिंग-कॅपिंग पुन्हा उघडावं लागतं.

केबल शुद्ध तांब्याची घ्या. दुकानातच टोक सोलून तार ब्लेडने खरवडा. आतून चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार. विजेला तिचा अडथळा तांब्याहून बराच जास्त असतो, दोन-तीनदा वाकवली की ती तुटते, आणि पीओईवर ती गरम होते.

कॅमेऱ्याच्या खोक्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि "आर"ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. बीआयएस केअर या ॲपमध्ये तो टाकून पडताळता येतो. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या अटी बंधनकारक झाल्या आहेत. जुना साठा स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका.

आता हार्ड डिस्क. १ एमबीपीएस (सेकंदाला दहा लाख बिट) वेगाचं चित्र दिवसाला १०.८ जीबी जागा खातं. हा एक आकडा पाठ असू द्या. २ मेगापिक्सेल कॅमेरा एच.२६५ (चित्र दाबून साठवण्याची पद्धत) मध्ये साधारण २ एमबीपीएसवर चालवला तर दिवसाला २१.६ जीबी. आठ कॅमेरे म्हणजे सुमारे १७३ जीबी. तीस दिवसांना ५,२०० जीबीच्या आसपास. म्हणजे ६ टीबी. ४ टीबीत तेवीस दिवस बसतात, २ टीबीत जेमतेम अकरा. "महिन्याचं रेकॉर्डिंग मिळेल" असं कुणी तोंडी म्हणालं तर हा गुणाकार त्याच्यासमोर करा.

डिस्क सर्व्हेलन्ससाठी बनवलेलीच घ्या, उदाहरणार्थ डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक. कॉम्प्युटरमधून काढलेली जुनी डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी बनलेली नसते.

## ५. वायरिंग

१. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना नंबर लावा, ओढण्याआधी. नंतर लावू म्हटलं की कधीच लागत नाहीत.

२. मेन्सच्या (घरगुती विजेच्या) वायरपासून किमान एक फूट अंतर ठेवा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. लिफ्टच्या मोटरच्या आणि पाण्याच्या पंपाच्या वायरपासून त्याहून दूर. मीटर रूममधून केबल नेऊ नका.

३. बाहेरची केबल पीव्हीसी पाइपमधून न्या. उघडी केबल ऊन-पावसात दोन-तीन वर्षांत तडकते आणि उंदीर तिला त्याआधीच गाठतात.

४. आयपी कॅमेऱ्यासाठी स्विच ते कॅमेरा ९० मीटरच्या आत ठेवा. कागदावरची मर्यादा १०० मीटर आहे, पण टोकांना आणि वळणांना थोडी केबल जातेच.

५. दोन्ही टोकांना हातभर केबल जास्त सोडा.

सावधान: मेन्सला हात लावायचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचंच. सोसायटीच्या कॉमन मीटरवरून स्वतंत्र एमसीबी घ्या. जिन्याच्या दिव्याच्या सर्किटवर जोडणी केली, तर वॉचमन सकाळी दिवे बंद करताना कॅमेरेही बंद करतो.

## ६. वीज: "रात्री बंद पडतो" याचं उत्तर

अनालॉग कॅमेऱ्याला १२ व्होल्ट लागतात. दिवसा तो थोडा प्रवाह घेतो, समजा ०.१५ अँपिअर. अंधार पडला की आयआर दिवे लागतात आणि तोच कॅमेरा ०.४ अँपिअर ओढू लागतो.

स्वस्त ३+१ केबलमधली (तीन साध्या तारा आणि एक चित्राची) विजेची तार असते सुमारे ०.२ चौरस मिमीची. कॅमेरा ६० मीटरवर असेल तर प्रवाह जाऊन-येऊन १२० मीटर फिरतो, आणि शुद्ध तांबं असलं तरी तेवढ्या तारेचा रोध होतो सुमारे १० ओहम. दिवसा दीड व्होल्ट वाटेत जातात, कॅमेऱ्याला साडेदहा मिळतात आणि तो चालतो. रात्री चार व्होल्ट वाटेत जातात. उरतात आठ. कॅमेरा बंद पडतो, आयआर विझतात, प्रवाह कमी होतो, व्होल्टेज वर येतं, कॅमेरा पुन्हा सुरू होतो, आयआर लागतात, पुन्हा बंद. सकाळी तुम्ही बघता तेव्हा सगळं ठीक असतं. तक्रारीवर आलेला माणूस दुपारी येतो आणि "काहीच प्रॉब्लेम नाही" म्हणून निघून जातो. तोही खोटं बोलत नसतो.

उपाय तीन. वीज ०.७५ चौरस मिमीच्या वेगळ्या तारेने न्या, म्हणजे तेवढ्याच अंतरावर घट एका व्होल्टच्या आसपास राहते. किंवा लांबच्या कॅमेऱ्याजवळ बंद डब्यात स्वतंत्र १२ व्होल्टचा अडॅप्टर ठेवा. किंवा आयपी-पीओईवर जा. पीओईत सुमारे ४८ व्होल्ट जातात, त्यामुळे एवढी घट जाणवतही नाही.

एसएमपीएस (सगळ्या कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट देणारा डबा) निवडताना रात्रीच्या प्रवाहाची बेरीज करा आणि त्यावर निदान तीस टक्के सोडा. आठ कॅमेऱ्यांचे ३.२ अँपिअर होत असतील तर ५ अँपिअरचा एसएमपीएस पुरेल, पण पुढे कॅमेरे वाढणार असतील तर १० अँपिअरचाच घ्या. तो हवा खेळेल असा ठेवा. पीओई स्विचलाही एकूण वॅटची मर्यादा असते. एका पोर्टवर १५.४ वॅट लिहिलेले असले म्हणून आठही पोर्टवर एकाच वेळी तेवढे मिळतील असं नाही.

यूपीएसच्या बाबतीत एक चूक जागोजागी दिसते. डीव्हीआर यूपीएसवर, एसएमपीएस मात्र भिंतीच्या प्लगवर. वीज गेली की डीव्हीआर प्रामाणिकपणे आठ काळे चौकोन रेकॉर्ड करतो. डीव्हीआर, एसएमपीएस किंवा पीओई स्विच, आणि राउटर, तिन्ही एकाच यूपीएसवर घ्या.

तपासा: अंधार पडल्यावर, आयआर लागलेले असताना, कॅमेऱ्याच्या टोकाला मल्टिमीटर लावा. एसएमपीएसच्या टोकाला मोजलेले १२ व्होल्ट ही तपासणी नव्हे. कॅमेऱ्यापाशी ११च्या वर हवेत.

## ७. टोकं

अनालॉगमध्ये निम्मे बिघाड बीएनसी कनेक्टरमध्ये (कोॲक्सच्या टोकाचा जोड) असतात. कोॲक्सची जाळी सोलताना तिचा एखादा केसाएवढा धागा मधल्या तारेला टेकला की चित्र गेलंच, किंवा त्याहून वाईट म्हणजे कधी येतं, कधी जातं. जाळी मागे वळवा, मधली तार स्वच्छ ठेवा, आणि स्क्रूच्या बीएनसीपेक्षा क्रिंपचा (पकडीने दाबून बसवायचा) वापरा. किनाऱ्यालगत, म्हणजे वरळी, वांद्रे, जुहू, वर्सोव्याकडे, खाऱ्या हवेने स्वस्त कनेक्टर वर्षभरात हिरवे पडतात.

आरजे-४५मध्ये (कॅट-६ केबलच्या टोकाचा प्लग) रंगांचा क्रम दोन्ही टोकांना सारखाच हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. काही जण रंग जोडीजोडीने ओळीत लावतात, दोन्हीकडे सारखे. साधा टेस्टर तरीही १ ते ८ हिरवे दिवे दाखवतो, कारण तार तारेला भेटलेली असते. पण ३ आणि ६ क्रमांकाच्या तारा एकाच पिळाच्या जोडीतल्या असायला हव्यात. तसं नसलं की दहा मीटरवर चालतं आणि साठ मीटरवर चित्र अडखळतं. टेस्टरवर विसंबू नका, रंग डोळ्यांनी बघा.

## ८. कॅमेरा बसवणं, पावसाळा धरून

खोक्यावर आयपी ६६ किंवा ६७ (पाणी-धुळीपासून संरक्षणाचा दर्जा, आयपी कॅमेऱ्याशी याचा संबंध नाही) लिहिलेलं असतं ते कॅमेऱ्याच्या अंगाला. त्याच्या शेपटीला लोंबणारे कनेक्टर उघडेच असतात. मुंबईत जून ते सप्टेंबर जे कॅमेरे मरतात, त्यांतले बरेच याच शेपटीतून मरतात.

१. आधी जंक्शन बॉक्स भिंतीला, मग त्यावर कॅमेरा. सगळे जोड बॉक्सच्या आत. बॉक्सचं केबलचं तोंड खालच्या बाजूला.

२. केबल बॉक्समध्ये शिरण्याआधी खाली एक झोळ द्या, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळातून गळून जाईल, आत शिरणार नाही.

३. आयपी कॅमेऱ्याच्या जोडावर सोबत आलेली रबरी बूच-टोपी लावा. ती बहुतेक वेळा पिशवीतच राहते. त्यावर स्वतःला चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळा. साधी इन्सुलेशन टेप एका पावसाळ्यात सुटते.

४. भोक पुरेसं खोल पाडा आणि गिट्टी घट्ट बसवा. जुन्या इमारतीचं प्लास्टर भुसभुशीत असतं. स्क्रू नुसता प्लास्टरमध्ये नको, विटेत किंवा काँक्रीटमध्ये जायला हवा.

५. डोम कॅमेऱ्याची काच बंद करण्याआधी पुसा. बोटाचा एक ठसा रात्री आयआरमध्ये धुक्यासारखा पसरतो. आतली सिलिका जेलची पुडी फेकू नका.

सावधान: काचेच्या खिडकीआडून बाहेर बघणारा आयआर कॅमेरा रात्री स्वतःचेच दिवे बघतो. आयआर बंद करून बाहेरचा दिवा वापरा, किंवा कॅमेरा बाहेर लावा.

## ९. डीव्हीआर, एनव्हीआर: जागा आणि सेटिंग

वॉचमनच्या केबिनमध्ये फक्त मॉनिटर. रेकॉर्डर कुलूपबंद, हवेशीर रॅकमध्ये, ऑफिसात. चोर आधी रेकॉर्डर शोधतो. तळमजल्यावर असेल तर छातीच्या उंचीवर ठेवा. २६ जुलै २००५ला सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला होता. टेबलाखालचा रेकॉर्डर भिजायला त्याच्या पावपट पाऊसही पुरतो.

सेटिंगचा क्रम:

१. पासवर्ड. तुमच्या हाताने, लांब, आणि बसवणाऱ्याला माहीत नसलेला. कागदावर लिहून सीलबंद पाकिटात सेक्रेटरींकडे. कमिटी बदलली की पाकीटही हस्तांतरित. वॉचमनला फक्त बघण्यापुरता वेगळा युजर.

२. फर्मवेअर (रेकॉर्डरच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. मोबाइलवर बघायला कंपनीचं ॲप वापरा, राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) उघडू नका.

३. वेळ. टाइम झोन जीएमटी +५:३०, डीएसटी (उन्हाळी वेळ) बंद, एनटीपी (इंटरनेटवरून वेळ जुळवणं) चालू.

४. डिस्क फॉरमॅट करा, आणि जुन्यावर नवं लिहिण्याचा, म्हणजे ओव्हरराइटचा पर्याय चालू ठेवा. तो बंद असेल तर डिस्क भरली की रेकॉर्डिंग थांबतं. डिस्कच्या बिघाडाचा बझर चालू ठेवा. कटकट वाटते म्हणून बंद केलेला बझर, हेच त्या तीन महिन्यांच्या कोऱ्या डिस्कचं सर्वांत नेहमीचं कारण.

५. रेझोल्यूशन. स्वस्त डीव्हीआर मूळ सेटिंगवर "१०८०एन" किंवा "लाइट" मध्ये रेकॉर्ड करतात, म्हणजे रुंदी १९२०च्या जागी ९६० पिक्सेल. लाइव्ह चित्र सुरेख दिसतं, रेकॉर्डिंगमधला चेहरा मात्र निम्म्या पिक्सेलांवर उरतो. प्रत्येक चॅनेलवर पूर्ण १०८०पी आहे ना, बघा. डीव्हीआरला ते झेपत नसेल तर तो डीव्हीआर परत करा.

६. गेट आणि लॉबी सतत रेकॉर्डिंगवर. मोशनवर (हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग) फक्त गच्चीचं दार, पंप रूम अशा जागा.

## १०. रात्रीची तपासणी: पैसे यानंतर

शेवटचा हप्ता याच्याआधी देऊ नका. रात्री दहानंतर, बसवणारा हजर असताना:

- एक जण गेटमधून चालत येऊन लॉबीपर्यंत जाईल. दुसरा पार्किंगमध्ये एका बाईकपाशी वाकून उभा राहील. तिसरा हेडलाइट लावून गाडी आत आणेल.
- पाच मिनिटांनी हे सगळं प्लेबॅकमध्ये बघा, लाइव्हवर नाही. टीव्हीवर, पूर्ण पडद्यावर. मोबाइल ॲप बहुधा हलक्या प्रतीचं चित्र दाखवतं, त्यावरून निकाल देऊ नका.
- चेहऱ्यावर चित्र थांबवा. या माणसाला कधीच न भेटलेला रहिवासी उद्या त्याला ओळखेल का? उत्तर "नाही" असेल तर लेन्स, उंची किंवा उजेड बदला. बऱ्याचदा लॉबीत एक साधा एलईडी दिवा रात्रभर चालू ठेवला की रंगीत आणि कितीतरी चांगलं चित्र मिळतं.
- मेन स्विच बंद करा. कॅमेरे आणि रेकॉर्डर दोन्ही चालू राहिले का? यूपीएस संपू द्या, वीज पुन्हा द्या. सगळं आपोआप सुरू होऊन रेकॉर्डिंग चालू झालं का? वेळ बरोबर आहे का?
- एक क्लिप पेनड्राइव्हवर काढून दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी रात्री एक ते पाचची पट्टी सगळ्या चॅनेलवर नजरेखालून घाला. मध्ये फट नको.

## ११. बिघाड शोधताना

नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि चांगल्या चालणाऱ्या चॅनेलशी अदलाबदल करून बघा. बिघडलेल्या कॅमेऱ्याची केबल डीव्हीआरमागे चांगल्या पोर्टवर लावा. बिघाड पोर्टबरोबर राहिला तर डीव्हीआर, केबलबरोबर गेला तर पुढे शोधा. मग कॅमेराच काढून ऑफिसात आणा, हातभर केबल आणि वेगळ्या अडॅप्टरवर जोडा. तिथे चालला तर दोष वायरिंगचा. नवा कॅमेरा विकत घेणं ही सर्वांत शेवटची पायरी.

एकच कॅमेरा काळा. आधी कॅमेऱ्यापाशी व्होल्टेज, मग बीएनसी. रात्री हात लेन्ससमोर धरून आयआरचे लालसर ठिपके दिसतात का बघा. दिसले तर वीज पोचतेय, चित्राच्या वाटेवर दोष आहे.

सगळेच काळे. एसएमपीएस, त्याचा फ्यूज, किंवा पीओई स्विच.

चित्र काळं-पांढरं, सरकणारं, किंवा सिग्नलच नाही, पण नवा कॅमेरा नुकताच लावलाय. कॅमेऱ्याचा मोड डीव्हीआरशी जुळत नाही. टीव्हीआय, सीव्हीआय, एएचडी हे वेगवेगळे प्रकार आहेत. शेपटीवरचं छोटं बटण किंवा जॉयस्टिक पाचेक सेकंद दाबून मोड बदला.

आडवे पट्टे हळूहळू वर सरकतात. ग्राउंड लूप. कॅमेऱ्याचं धातूचं अंग लोखंडी खांबाला टेकलेलं असतं आणि दोन टोकांच्या अर्थिंगमध्ये फरक असतो. कॅमेऱ्याखाली प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स घाला, किंवा ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. लिफ्ट हलली की पट्टे येत असतील तर केबलचा मार्ग बदलायला हवा.

दिवसा चित्र गुलाबी. आयआर कट फिल्टर (दिवसा आयआर अडवणारी काच) अडकलाय. कॅमेरा बंद-चालू करताना "टिक" असा आवाज येतो का ऐका. नसेल तर कॅमेरा दुरुस्तीला.

रात्री पांढरे धागे हलतात, मोशनच्या नोंदी शेकड्याने. कोळ्याचं जाळं. आयआरच्या उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी. महिन्यातून एकदा कोरड्या, मऊ कपड्याने पुसा.

दोन आयपी कॅमेरे आळीपाळीने दिसतात. दोघांचा आयपी पत्ता एकच. नवे कॅमेरे कारखान्यातून सारख्याच पत्त्यावर येतात, म्हणून एकेक करून जोडा आणि पत्ता बदला.

डीव्हीआर पुन्हा पुन्हा सुरू होतो. हार्ड डिस्कची वायर काढून बघा. मग नीट चालला तर एकतर डिस्क गेली, किंवा डीव्हीआरचा अडॅप्टर थकला. आधी अडॅप्टर बदला, तो स्वस्त आहे.

वीज गेली की तारीख भलतीच होते. आतला नाण्यासारखा सेल, बहुधा सीआर २०३२, संपलाय. सेल स्वस्तात मिळतो. न बदलल्यास सगळं फुटेज चुकीच्या तारखेखाली जातं आणि शोधताना सापडत नाही.

## १२. घटना घडल्यावर

घाई इथे सर्वांत जास्त नुकसान करते. डीव्हीआर जुन्यावर नवं लिहीत असतो, म्हणून त्या दिवशीच फुटेज काढा. "उद्या माणूस येईल" म्हणून थांबू नका.

१. डीव्हीआरवरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ एका फोटोत घ्या. फरक असेल तर सेकंदांसह लिहून ठेवा. आत्ता वेळ दुरुस्त करायला जाऊ नका, फुटेज काढून झाल्यावर करा.

२. घटनेच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा-अर्धा तास धरून, सर्व कॅमेऱ्यांचं, मूळ स्वरूपात आणि कंपनीच्या प्लेयरसकट काढा. टीव्हीचं मोबाइलवर केलेलं चित्रीकरण ग्रुपवर फिरवायला बरं, पुरावा म्हणून कमकुवत. ग्रुपवर फिरवण्याआधी तपास अधिकाऱ्यांना विचारा.

३. दोन प्रती करा. एक सोसायटीकडे, एक पोलिसांकडे.

४. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलवरून गणिताने काढलेला, फाइल बदलली की बदलणारा आकडा) नोंदवावं लागतं. फाइल काढल्याबरोबर हॅश काढून ठेवलं, तर नंतर कुणी छेडछाडीचा आरोप केला तरी ते जुळवून दाखवता येतं.

५. पोलिसांनी डीव्हीआर किंवा डिस्कच ताब्यात घेतली, तर पंचनाम्यात मॉडेल आणि सिरीयल नंबर नोंदवले गेलेत ना, बघा आणि प्रत मागून घ्या. त्याच दिवशी दुसरी डिस्क टाकून, फॉरमॅट करून, रेकॉर्डिंग सुरू झाल्याची प्लेबॅकवर खात्री करा.